साकीनाक्यात खालची ओळ आधी वाचतात

घाटकोपर, साकीनाका आणि चारकोप बघायला म्हणून कुणी प्रवासाला निघालंय असं मी तरी कधी ऐकलेलं नाही. आमच्या सांगलीची माणसं मुंबईला जातात ती लग्नाला, दवाखान्याला, नाहीतर विमान पकडायला. मी गेले ती एका वाक्यापायी. ते वाक्य मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं आणि त्याच्यामुळे एका मुलीची नोकरी जायची वेळ आली होती.

थोडं आधीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पंधरा वर्षं मी पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवला. आता घरी बसून एका कंपायलरचं काम करते. प्रोग्रामर जे लिहितो ते यंत्राला समजेल असं करून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. लिहिण्यात काही चुकलं की तो पडद्यावर दोन-चार ओळी टाकतो: काय चुकलं, काय करावं. त्या ओळींची भाषा ठरवणं हे माझं काम. नवरा लोकांना सांगतो, ही चुका काढते, घरात आणि बाहेर.

त्यातली एक चूक खास माझ्या वाट्याची. हल्लीच्या प्रोग्राममध्ये काही कामं वेळ खाणारी असतात, म्हणजे कुणाला मेसेज पाठवणं, नेटवरून काही मागवणं. अशा कामाचं नुसतं नाव लिहिलं तर ते काम होत नाही, कामाची एक चिठ्ठी तेवढी तयार होते. तिच्यापुढे 'अवेट' हा शब्द लावला की काम सुरू होतं आणि ते संपेपर्यंत प्रोग्राम तिथं थांबून राहतो. अवेट विसरलं तर चिठ्ठी तशीच पडून राहते. काही मोडत नाही, कुणी ओरडत नाही, फक्त काम होत नाही. विसरणारे ढिगानं असतात, मीही विसरलेली आहे.

विसरलं की आमचा कंपायलर इंग्रजीत तीन ओळी टाकायचा. पहिली: हे काम तयार झालं आहे, पण सुरू झालेलं नाही. दुसरी: सुरू करायचं असेल तर अवेट लावा. तिसरी ओळ माझी: मुद्दाम सोडून दिलं असेल तर समोर अंडरस्कोर, म्हणजे ती खालची आडवी रेघ, लावा, म्हणजे ही सूचना पुन्हा दिसणार नाही. त्या तिसऱ्या ओळीसाठी मी टीममध्ये भांडले होते. एखाद्यानं जाणूनबुजून काम सोडलं असेल तर त्याला उगीच का टोचत राहायचं, असं माझं म्हणणं. मला स्वतःला कुणी टोचलेलं सोसत नाही, त्यातून ते आलं असावं.

आणि मग आमच्या तक्रारींच्या पानावर साकीनाक्याहून प्रज्ञा गायकवाड नावाच्या मुलीनं लिहिलं, "तुम्ही सांगितलं तसंच केलं. तरी अलार्म गेला नाही. माझी चूक कुठं झाली ते सांगाल का? शुक्रवारपर्यंत कळलं तर बरं होईल." सोबत तिचा प्रोग्राम होता. त्यात अकरा ठिकाणी अवेट नव्हतं आणि अकराही ठिकाणी अंडरस्कोर होतं. मी तिला उत्तर लिहिलं, मी कंपायलरच्या टीममधली आहे, तुम्ही सूचना कशा वाचता ते येऊन बघू का? 'ती ओळ माझी आहे' हे वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं: या ना मॅडम, हॉटेल कशाला, आमच्याकडेच राहा.

मंगळवार, घाटकोपर

प्रज्ञा मेट्रो स्टेशनखाली उभी होती. चोवीस वर्षांची, पाठीवर लॅपटॉपची बॅग. माझी पिशवी हातातून काढून घेत म्हणाली, "मॅडम, कंपायलरवाले खरंच येतायत असं मी कामावर सांगितलं तर कुणाला खरंच वाटेना." मी हसले. हसता हसता मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं. तेवढ्यात रस्ता ओलांडताना एक रिक्षा अंगावर आली, आम्ही दोघी मागे सरलो आणि ते राहून गेलं.

गायकवाडांचं घर डोंगराच्या अंगाला, सातव्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी प्रज्ञाचं डिप्लोमाचं सर्टिफिकेट, फ्रेम करून. तिची आई शोभाताई मूळच्या जालन्याकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं हिला शिकवलं, आता एका शाळेत मुलांचं दुपारचं जेवण शिजवतात. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा, मग गप्पा, मग 'जेवूनच जा' असा आग्रह, आणि त्यावर पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं असा रिवाज. शोभाताईंनी काही विचारलंच नाही. मी हातपाय धुऊन येते तर ताट वाढलेलं: ज्वारीची भाकरी, सुकटीचं कालवण, ठेचा. सुकट मी जन्मात खाल्ली नव्हती. वासानं जरा बिचकले, पण दुसऱ्या घासाला आवडली आणि दीड भाकरी खाल्ली.

झालेली हकिगत शोभाताईंनीच सांगितली. "चारकोपला एक बाई आहेत, इडलीचं पीठ करून विकतात. त्यांच्या थंड खोलीला हिच्या वर्कशॉपचं खोकं लावलंय. खोली तापायला लागली की ते बाईंच्या फोनवर मेसेज धाडतं. मागच्या रविवारी कुणीतरी दार नीट लावलं नाही. खोली तापली, मेसेज काही गेला नाही. सोमवारी दार उघडलं तर पिशव्या फुगून फुटलेल्या. भिंतीला पीठ, छताला पीठ." त्यांना हसू आवरेना. मग मुलीकडे लक्ष गेलं आणि थांबल्या. "पोरगी हुशार आहे हो ताई. पण घाई करते. किती वेळा सांगते, दोनदा बघत जा."

"बघितलं होतं गं आई दोनदा."

"बघूनही चुकलंच ना मग?"

"चुकलंच," प्रज्ञा ताटाकडे बघत म्हणाली.

तिच्या मालकांनी शुक्रवारची मुदत दिली होती. शुक्रवारी खोकं चारकोपला पुन्हा लावून दाखवायचं. चाललं तर ठीक, नाहीतर प्रोग्रामचं काम बाहेर द्यायचं आणि प्रज्ञानं आपलं दुसरीकडे बघायचं. मी हातातला घास खाली ठेवून पाणी मागितलं. शोभाताईंनी तांब्या पुढे केला. "तुम्ही आलात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिची चूक तिला नीट दाखवून द्या."

बुधवार, साकीनाका

सकाळीच फजिती झाली. प्रज्ञाच्या मालकांना द्यायला म्हणून सांगलीहून भडंगाचा पुडा आणला होता. मेट्रोच्या तपासणीच्या यंत्रात पिशवीचा बंद अडकला, पुडा फाटला आणि सगळ्या पट्ट्यावर चुरमुरे पसरले. मागे रांग खोळंबलेली. गार्ड विचारतो, "क्या है ये?" मी म्हटलं, भडंग. त्याला ते काय ते कळेना. त्यानं चार दाणे तोंडात टाकले, "तीखा है" म्हणाला आणि मला सोडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. प्रज्ञा मात्र पोट धरून हसत होती.

मेट्रो असल्फा स्टेशनापाशी आली की उजव्या-डाव्या अंगाला टेकडीवरची रंगवलेली घरं दिसतात, निळी, पिवळी, गुलाबी. मी छान आहेत म्हटलं. प्रज्ञा म्हणाली, "लोक फोटो काढायला येतात ना. वर पाणी चढत नाही ते फोटोत दिसत नाही." पुढचं स्टेशन साकीनाका. तिथल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचा गाळा. खाली पत्रा कापायचं यंत्र, त्यामुळे वर बसलेल्या माणसाचे पाय दिवसभर थरथरतात. दोन तासांनी ते जाणवेनासं होतं असं सगळ्यांनी सांगितलं. मला संध्याकाळपर्यंत जाणवत होतं.

मालक सावंतशेठ मालवणकडचे, साठीचे. वडील गिरणीत होते, स्वतः पंधराव्या वर्षापासून वायरिंग करतायत. "येवा, बसा," ते म्हणाले. "सांगलीसून इलात? मगे हळद खंय?" मी उरलेलं भडंग पुढे केलं आणि निम्मं मेट्रोत सांडल्याचं सांगितलं. त्यावर त्यांनी मान डोलावली, जणू मेट्रोकडून त्यांची हीच अपेक्षा होती.

मी आले होते ते प्रज्ञा कशी वाचते ते बघायला, म्हणून तिला मी मुद्दाम चूक ठेवलेला एक छोटा प्रोग्राम दिला आणि शेजारी बसले. कंपायलरनं तीन ओळी टाकल्या. प्रज्ञाचे डोळे थेट तिसऱ्या ओळीवर गेले. वरच्या दोन ओळींकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. बोटं चालली, अंडरस्कोर लागलं, सूचना गेली. "झालं मॅडम," ती म्हणाली. सगळं मिळून दहा सेकंदं लागली नसतील.

"तू वरून का नाही वाचलंस?"

तिला माझा प्रश्नच कळेना. मग तिनं भिंतीकडे हात केला. भिंतीवर प्रत्येक यंत्राचा एक कागद होता, शेठनी हातानं लिहून प्लास्टिकमध्ये घातलेला. कुठला दिवा लागला, त्याचं कारण काय, आणि सगळ्यात खाली, लाल शाईत, उपाय. "वर काय झालं ते असतं, खाली काय करायचं ते असतं," प्रज्ञा म्हणाली. "इथं सगळे असंच वाचतात. मी आले तेव्हा सावंतकाकांनी पहिलं हेच शिकवलं."

शेठ मागून म्हणाले, "मशीन बंद पडला आणि तू वरचा वाचत बसलंस तर गिऱ्हाईक पळता. खालची वळ बघायची आणि हात चालवायचो. माझ्या बापाशीनं माका असाच शिकवल्यान."

मी त्या लाल शाईकडे बघत राहिले. शंभरातल्या एखाद्याला लागली तर लागेल म्हणून, निव्वळ भिडेपोटी, मी जी ओळ शेवटी ठेवली होती, ती या गाळ्यात हुकूम होती. प्रज्ञानं घाई केलेली नव्हती. दोनदा बघितलं म्हणाली ते खरं होतं, दोन्ही वेळा तिनं खालचीच ओळ बघितली होती. वर्कशॉपमध्ये चाचणी घेताना खोक्याचा भोंगा वाजला, म्हणून अलार्म चालतो असं सगळे समजले. मेसेज पाठवायची चिठ्ठी मात्र तिच्या प्रोग्राममध्ये अंडरस्कोर लावून पडून होती.

दुपारी शेठच्या डब्यातली कुळथाची पिठी आणि भात सगळ्यांनी वाटून खाल्ला. आमच्याकडे कुळीथ म्हणजे माडगं, आणि ते गोड. ही झणझणीत, वर सोलकढी. जेवताना शेठनी सहज विचारलं, "ह्या मेसेज कोण लिवता? कोणतरी माणूसच असतलो ना?"

"बरेच जण असतात," मी म्हणाले. "सगळ्यांनी मिळून ठरतं."

हे अगदी खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट होतं. सोलकढी माझ्या वहीवर सांडली आणि मी ती पुसण्यात बराच वेळ घालवला.

गुरुवार, पुन्हा साकीनाका

रात्रभर मनात एकच चाललं होतं: उद्याच्या उद्या दुरुस्त करायचं, म्हणजे सांगायची वेळच येणार नाही. सकाळी गाळ्यात बसून मी माझ्या लॅपटॉपवर कंपायलर बदलला. तिसरी ओळ काढून टाकली. अंडरस्कोर लावलेलं असलं तरी सूचना दिसलीच पाहिजे असं केलं. आणि सगळ्यात खाली, या लोकांना आवडेल अशी, ठसठशीत ओळ ठेवली: अवेट लावा. बदललेला कंपायलर प्रज्ञाच्या मशीनवर चढवला. तिचा प्रोग्राम चालवला तर अकराच्या अकरा सूचना खडाखड समोर आल्या.

प्रज्ञानं खालची ओळ वाचली आणि एकेक करत अकरा ठिकाणी अवेट लावलं. पडदा स्वच्छ झाला. खोक्याच्या सेन्सरजवळ गरम चहाचा ग्लास धरला तर शेठच्या खिशातला फोन वाजला, "तापमान वाढले आहे." सगळा गाळा जमा झाला. "झकास," प्रज्ञा म्हणाली आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले असावेत. माझे तर नक्कीच आले. आम्ही खाली गाडीवर भजीपाव खाल्ला, मी दोन खाल्ले, आणि मनात म्हटलं, चला, निभावलं.

परतताना मेट्रोत प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? या आठवड्यात मला वाटायला लागलेलं की हे आपलं कामच नाही. आपल्याला नाही जमत. सोडावं आणि कुठल्यातरी दुकानात उभं राहावं."

"असं काही नसतं गं," मी म्हणाले. याहून जास्त काहीतरी बोलायला हवं होतं, ते मला त्याच क्षणी कळत होतं. घाटकोपर आलं आणि आम्ही उतरलो.

शुक्रवार, चारकोप

शेठच्या टेम्पोत पुढे आम्ही तिघं, मागे खोकं. चारकोपची औद्योगिक वसाहत मला साकीनाक्याच्या मानानं अगदीच शांत वाटली. गाळे एकसारखे, रस्त्याला झाडं, दुपारच्या सुट्टीत कामगार सावलीला बसलेले. पिठाचं युनिट देसाईबाईंचं. सत्तरीच्या, पांढरी साडी, डोक्यावर जाळीची टोपी. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या मिक्सरवर सुरुवात केली असं त्यांनी सांगितलं. थंड खोलीचं दार उघडलं तर आंबूस वास अजून येत होता आणि छताच्या एका कोपऱ्यात वाळलेलं पीठ होतं. "ते मी मुद्दाम ठेवलंय," देसाईबाई शेठना म्हणाल्या. "तुम्ही आलात की दिसायला."

खोकं लागलं. दार उघडं ठेवलं, तापमान चढलं, आठ अंश झालं, आणि देसाईबाईंचा फोन वाजला. शेठनी प्रज्ञाकडे बघून मान हलवली. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

"छान," देसाईबाई म्हणाल्या. "आता नेट बंद करा."

"नेट कशाला?" शेठ म्हणाले.

"परवा आमच्याकडे अख्खी दुपार नेट नव्हतं. तेव्हा काय होईल ते बघू."

त्यांनीच हात वर करून राउटरचं बटण बंद केलं. तापमान चढलं. सात. आठ. खोक्याच्या पडद्यावरचा आकडा आठावर आला आणि तिथंच राहिला. दुसरीकडे लावलेल्या साध्या थर्मामीटरमध्ये पारा नऊवर गेला, मग दहावर. खोली गार करणारा कंप्रेसरही हेच खोकं चालवायचं; तो आता सुरू व्हायला हवा होता. तो गप्प होता.

मला तत्क्षणी कळलं. मेसेज पाठवायच्या कामापुढे आता अवेट होतं. नेट नसल्यामुळे मेसेज जात नव्हता, आणि तो जाईपर्यंत सगळा प्रोग्राम हात बांधून उभा होता. तापमान बघणं थांबलं, कंप्रेसर लावणं थांबलं. आधी मेसेज जात नव्हता, पण खोली तरी गार करायचा प्रयत्न व्हायचा. आता तोही नव्हता. काल माझ्या खालच्या ओळीनं सांगितलं होतं, अवेट लावा, आणि तिनं लावलं होतं.

"ह्या काय गो?" शेठ म्हणाले.

प्रज्ञाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझंच चुकलं काका. मी बघते."

थंड खोलीच्या दारात मला दरदरून घाम फुटला. "तिचं चुकलेलं नाही," मी म्हणाले. "त्या रविवारी जे झालं ते कंपायलरच्या शेवटच्या ओळीमुळे झालं. ती ओळ मी लिहिलेली आहे. आत्ता जे झालं तेही माझ्याच ओळीमुळे, कालच्या. तिनं दोन्ही वेळेला सांगितलं तेवढंच केलं."

शेठ माझ्याकडे वळले.

"म्हणजे ह्या मेसेज लिवणारा माणूस तुम्ही," शेठ म्हणाले.

"होय."

"बुधवारी मी विचारलंय तेव्हा सांगलात, बरेच जण असतत."

"होय."

"मी हिका काढूक निघाललंय." ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, खरोखर जाणून घ्यायचं होतं. "मगे तुमका कोण काढणार?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं नाही. एक रिकामा क्रेट उलटा करून तिनं त्यावर लॅपटॉप ठेवला आणि जमिनीवर बसली. मी पुढे झाले तर म्हणाली, "नको, मी करते." मग तिनं पहिल्या ओळीपासून स्वतःचा प्रोग्राम वाचायला घेतला, ओठ हलवत. मध्येच एकदा पडद्याला म्हणावं तसं म्हणाली, "थांबायचं की नाही हे मला कुणी विचारलंच नाही ना." तिनं मेसेज पाठवायचं काम वेगळं काढून सुरू केलं, बाकीच्यांनी त्याच्यासाठी खोळंबायचं नाही असं केलं, आणि नेट नसेल तर ते काम थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करील अशी सोय केली. माझ्या कंपायलरनं यातलं काहीही तिला सुचवलेलं नव्हतं. मला पाऊण तास उभं राहण्याशिवाय काही काम नव्हतं. देसाईबाईंनी सगळ्यांना इडल्या दिल्या, मलाही दिल्या, आणि मी त्या हातात धरून राहिले.

खोली गार होऊ दिली, मग पुन्हा राउटर बंद. सात. आठ. घर्र आवाज करत कंप्रेसर सुरू झाला. आकडा उतरायला लागला. राउटर चालू केल्यावर जरा वेळानं देसाईबाईंचा फोन वाजला.

"ठेवून जा खोकं," त्या म्हणाल्या. "पण या रविवारी मी स्वतः येऊन बघणार आहे."

शेठ प्रज्ञाला म्हणाले, "सोमवारी नऊ वाजता ये. आणि आत्ता काय केलंस ता एका कागदार लिव. भिंतीवर लावूया."

टेम्पोत बराच वेळ प्रज्ञा खिडकीबाहेर बघत होती. हायवेला लागल्यावर तिनं विचारलं, "मंगळवारी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कशाची? तुम्हाला कोण काय करणार होतं?"

सिग्नल लागला, सुटला. मग ती म्हणाली, "मी रोज आईसमोर चुकलंच म्हणत होते. तुम्ही समोर बसून भाकरी खात होतात."

शनिवार, घाटकोपर ते सांगली

सकाळी शोभाताईंनी वाटेसाठी दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. शाळेला सुट्टी होती, पण त्या पहाटेच उठल्या होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोरीची नोकरी वाचवलीत ताई. तिची चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत."

मी बोलायला तोंड उघडलं. प्रज्ञा दारात माझी पिशवी घेऊन उभी होती. "आई, त्यांची गाडी चुकेल," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण माझं बोलणं तिथंच संपलं. जाता जाता दोन शब्दांत आटपून मी मोकळं व्हावं हे तिला नको असावं, आणि तिचं बरोबर होतं.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कशी झाली मुंबई? मी म्हटलं, सुकट खाल्ली. मग तीन दिवस दुसरं काही न करता ती सूचना पुन्हा लिहिली. आता खाली उपाय नाही, प्रश्न आहे. हे काम सुरूच झालेलं नाही असं आधी सांगायचं, आणि शेवटच्या ओळीत विचारायचं: हे काम होईपर्यंत बाकी सगळं थांबलं तर चालेल का? चालत असेल तर हे, चालत नसेल तर ते. प्रश्न प्रज्ञाचा आहे. बदल पाठवताना तिचं नाव घालू का म्हणून तिला विचारलं, त्याला उत्तर आलं नाही.

बदल पाठवताना कारण लिहायचा एक रकाना असतो. तिथं मी आजवर नेहमी एकच लिहीत आले, 'वापरणाऱ्यांचा गोंधळ टाळण्यासाठी'. ते टाइप केलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'जुनी शेवटची ओळ मी लिहिली होती. ती चुकीची होती. ती पाळणाऱ्या मुलीची काहीही चूक नव्हती.' इंग्रजीत लिहिलं, खाली मराठीतही लिहिलं, माझं पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं. टीममधल्या कुणी मराठी का म्हणून विचारलं नाही. हे जिथं सगळ्यांना वाचता येतं त्या पानाचा पत्ता मी प्रज्ञाला धाडला.

आठ दिवस काही नाही. रोज सकाळी उठून मी आधी फोन बघायचे, मग चूळ भरायचे. नवव्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला.

"आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं. म्हणते, पुढच्या वेळी याल तेव्हा आधी खरं काय ते सांगा, मग जेवायला बसा."